हौद, नळ आणि निरोप : वजन कमी करणाऱ्या शस्त्रक्रियांची सत्तर वर्षे

गुलमंडी हा औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या शहरातला गजबजलेला बाजार. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. आज तिथे फुलांपेक्षा कापडाची आणि मिठाईची दुकाने जास्त दिसतात. अशाच एका दुकानावरच्या माडीत आम्ही काही विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा जमतो. पाठ्यपुस्तकातल्या अवघड जागा, वर्गात मुलांनी विचारलेले प्रश्न, फसलेले प्रयोग असे काहीबाही बोलणे चालते आणि खालून गरम इमरती येते.

एका बैठकीत आमच्यातल्या एका बाईंनी इमरतीची बशी न घेता पुढे सरकवली. म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला जठराचं ऑपरेशन सुचवलंय. वजनाचं करतात ते." आम्ही सगळे हसलोच. कुणीतरी म्हणाले, "बाई, तुम्ही कुठे एवढ्या जाड आहात?" बाई हसल्या नाहीत. त्यांचे वय ४८, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७० किलो. नऊ वर्षांचा मधुमेह, रोज इन्शुलिनची दोन इंजेक्शने, तरीही साखर आटोक्यात नाही. "करू की नको ते मी तुम्हाला विचारत नाही," त्या म्हणाल्या, "ते माझं मी ठरवेन. पण धडधाकट जठर कापलं की रक्तातली साखर का उतरावी, हे समजल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही. मुलांना पचनसंस्था शिकवते मी!"

प्रश्न रास्त होता आणि आमच्यापैकी कुणालाही त्याचे उत्तर येत नव्हते. पुढचे काही महिने आम्ही त्याच विषयावर वाचले. वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. ह्या शस्त्रक्रिया कशा काम करतात हे आधी समजले आणि मग त्या केल्या गेल्या, असे झालेले नाही. शल्यविशारदांनी एक अंदाज बांधला, त्यानुसार शस्त्रक्रिया केली, आणि अंदाज कुठे चुकला ते रुग्णांच्या शरीरांनी दाखवून दिले. असे चार-पाच वेळा घडले. हा इतिहास माहीत असला की आजचे पर्याय, त्यांचे फायदे आणि धोके यांचा अर्थ लागतो.

हौद आणि नळ

आमच्या शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर बांधून पाणी आणले. नहरीचे तत्त्व कुणालाही चटकन कळते. हौद लहान केला तर साठा कमी होईल, नळ मधेच तोडून पुढे जोडला तर मधल्या वस्तीला पाणी मिळणार नाही. वजनाच्या शस्त्रक्रियांचा सगळा आरंभ ह्याच दोन कल्पनांतून झाला. जठर म्हणजे हौद. मोठ्या माणसाच्या जठरात साधारण एक ते दीड लिटर अन्न सहज मावते. लहान आतडे म्हणजे नळ. त्याची लांबी सुमारे ६ मीटर. सुरुवातीचा आखूड भाग आद्यांत्र, मग मध्यांत्र, शेवटी शेषांत्र. अन्नातले बहुतेक पोषक पदार्थ रक्तात शिरतात ते ह्या नळाच्या भिंतीतून. मग वजन उतरवायचे तर हौद लहान करा, नाहीतर नळ आखूड करा! इतके हे सोपे वाटले होते.

लठ्ठपणा हा रोग आहे, हा विचार मात्र नवा नाही. चरकसंहितेत अतिस्थूल माणसाची लक्षणे आणि उपचार सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे. जड पण कमी पोषण करणारे अन्न द्यावे, असा तिथला सल्ला आहे. पोट भरावे पण अंगी लागू नये, ही कल्पना तेव्हापासूनची. सुश्रुतसंहितेत आतड्याला पडलेले छिद्र बुजवण्याची एक युक्ती आहे. छिद्राच्या दोन्ही कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या चावू द्यायच्या आणि मग त्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवायची. लठ्ठपणाशी ह्या उपचाराचा काही संबंध नव्हता. पण आतडे कापल्यावर ते घट्ट जोडायचे कसे, ही अडचण किती जुनी आहे ते त्यावरून कळते. जोड सैल राहिला तर आतला मजकूर पोटाच्या पोकळीत गळतो आणि रोगी दगावू शकतो. १९०८ साली बुडापेस्टमध्ये ह्युमेर ह्युल्ट्ल यांनी धातूच्या टाचण्यांनी जठर शिवणारे अवजड यंत्र वापरले. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात ते सुटसुटीत झाले आणि तिथून अमेरिकेत गेले. आज वजनाच्या शस्त्रक्रियेत वापरतात तो स्टेपलर ह्या यंत्राचा वंशज. गळतीची भीती मात्र अजूनही पूर्ण गेलेली नाही.

कुत्र्यांवरचा प्रयोग आणि आखूड नळाची किंमत

१९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना एवढेच पाहायचे होते की लहान आतड्याचा कोणता भाग जास्त महत्त्वाचा. काही कुत्र्यांच्या आतड्याचा सुरुवातीचा अर्धा भाग वगळला. कुत्र्यांचे फारसे बिघडले नाही. काहींचा शेवटचा अर्धा भाग वगळला. त्यांचे स्निग्ध पदार्थांचे शोषण बिघडले आणि वजन उतरले. म्हणजे नळाची दोन्ही टोके सारखी नव्हती. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचा आणखी एक अर्थ पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी उलगडणार होता.

त्या वेळी घेतलेला अर्थ सरळ होता : मधला नळ वगळला की वजन उतरते. १९६३ साली लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी मध्यांत्राचा सुरुवातीचा तुकडा थेट मोठ्या आतड्याला जोडलेल्या १० रुग्णांचा अहवाल दिला. वजन भराभर उतरले, पण जुलाब थांबेनात, क्षारांचा तोल ढासळला. वजन उतरल्यावर आतडे पुन्हा पहिल्यासारखे जोडायचे, असा मूळ बेत होता. तसे केल्यावर वजन परत आले. शरीर आपले जुने वजन जणू ध्यानात ठेवून असते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

मग १९६९ मध्ये त्यांनी सुधारित पद्धत मांडली. मध्यांत्राचे पहिले सुमारे ३५ सेंटिमीटर शेषांत्राच्या शेवटच्या १० सेंटिमीटरला जोडायचे. सहा मीटरच्या नळातला जेमतेम अर्धा मीटर वापरात. ही शस्त्रक्रिया १९७० च्या दशकात अमेरिकेत हजारो लोकांवर झाली. वजन उतरले, पण काही वर्षांनी किंमत वसूल होऊ लागली. वगळलेल्या, अन्न न वाहणाऱ्या आतड्यात जिवाणू माजले, प्रथिने कमी पडली आणि काहींची यकृते निकामी झाली. सांधे दुखू लागले. मूतखडे झाले, आणि त्यामागचे रसायनशास्त्र तर दहावीच्या वर्गात सांगण्याजोगे आहे. एरवी अन्नातले ऑक्झॅलेट कॅल्शियमशी बांधले जाऊन मळावाटे निघून जाते. इथे न शोषलेले स्निग्धाम्ल आतड्यात साचले आणि कॅल्शियम त्यांनीच बांधून घेतले. मोकळे राहिलेले ऑक्झॅलेट रक्तात शिरले आणि मूत्रपिंडात जाऊन खडे झाले. नळ आखूड केला की नको ते कमी आणि हवे ते पुरेसे शोषले जाईल, हा अंदाज चुकला होता. अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली आणि १९८० च्या सुमारास ही पद्धत सोडून देण्यात आली.

हौद लहान करणारे

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांची. पोटातल्या व्रणासाठी, म्हणजे अल्सरसाठी, ज्या स्त्रियांचे अर्धेअधिक जठर काढले होते त्यांचे वजन नंतर वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. अल्सरच्या रुग्णांचा हा तोटा लठ्ठ रुग्णांचा फायदा का होऊ नये? १९६७ साली मेसन आणि चिकाशी इटो यांनी ही शस्त्रक्रिया मांडली. जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो थेट मध्यांत्राला जोडायचा. खालचे मोठे जठर आणि आद्यांत्र जागच्या जागी राहते, पण अन्न तिकडे जात नाही. हीच 'गॅस्ट्रिक बायपास'. जोडलेल्या वेटोळ्यातून पित्त उलटे वर येऊन त्रास व्हायचा, म्हणून १९७७ मध्ये ग्रिफन यांनी स्विस शल्यविशारद सेझार रू यांची जुनी जोडणी इथे वापरली. तिचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा : एका फाट्यातून अन्न येते, दुसऱ्यातून पाचक रस, आणि पुढे दोन्ही एकत्र होतात.

मेसन स्वतः मात्र आतड्याला हात न लावता काम भागेल का, हे शोधत राहिले. १९८० मध्ये त्यांनी जठरात उभी टाचण्यांची ओळ घालून वर एक छोटी पिशवी केली आणि तिच्या तोंडाशी पट्टी बसवली. नळ शाबूत, फक्त हौद लहान. पुढे १९८६ मध्ये कुझ्माक यांनी बाहेरून सैल-घट्ट करता येणारी सिलिकॉनची पट्टी आणली. २००० नंतरच्या दशकात ही पट्टी जगभर चालली. पण दोन्हींचा अनुभव सारखाच आला. पोळी-भाजी अडकते, उलटी होते. आइस्क्रीम आणि सरबत मात्र सुरळीत उतरते. माणसे नकळत गोड आणि पातळ पदार्थांकडे वळली, वजन परत चढले. पट्टी सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे असेही झाले आणि कित्येकांच्या पट्ट्या काढाव्या लागल्या. आज ती फारशी बसवत नाहीत.

इथे एक कोडे उभे राहिले. बायपासमध्येही वरची पिशवी लहान, पट्टीच्या पद्धतीतही लहान. मग बायपासमध्ये वजन जास्त का उतरते? भुकेची तक्रारच कमी का होते? हौद लहान झाला एवढ्याने हे उत्तर पुरे होत नव्हते.

साखर आधी उतरली

कोड्याचा धागा सापडला अमेरिकेतच, उत्तर कॅरोलिनातील ग्रीनव्हिल गावी. वॉल्टर पोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅस्ट्रिक बायपास झालेल्या ६०८ रुग्णांचा १४ वर्षांचा हिशेब १९९५ साली प्रसिद्ध केला. त्यांत प्रौढ वयात होणारा मधुमेह असलेले आणि पुढे पाहणीत राहिलेले १४६ जण होते. त्यांपैकी १२१ जणांची साखर प्रमाणात आली, म्हणजे शंभरातल्या ८३ जणांची. निबंधाच्या शीर्षकातच आश्चर्य होते. 'कुणाला वाटलं असतं?' अशा अर्थाचे ते शीर्षक. वजन उतरल्यावर साखर उतरली असती तर नवल नव्हते. पण साखर काही दिवसांतच उतरत होती, वजन तर जेमतेम हलले असताना. म्हणजे बाईंना पडलेला प्रश्न त्या शल्यविशारदांनाही पडला होता.

उत्तर नळाच्या भिंतीत होते. आतडे हा नुसता नळ नाही. शरीरातल्या सर्वांत मोठ्या संप्रेरक ग्रंथींपैकी ती एक आहे असे म्हटले तरी चालेल. शेषांत्राच्या भिंतीत विखुरलेल्या काही पेशी अन्न जवळ येताच 'जीएलपी-१' नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन वाढवायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देते. बायपासनंतर अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर आणि जास्त पोचते, त्यामुळे हा निरोप मोठ्याने जातो. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी जठरात तयार होणारे घ्रेलिन शोधले; ते भूक लागल्याचा निरोप नेते. पित्ताम्ले आणि आतड्यातले जिवाणू यांचाही वाटा आहे, आणि कुणाचा किती यावर संशोधन चालू आहे. आता १९५४ ची कुत्री आठवा. शेषांत्राचा भाग इतका महत्त्वाचा का, याचे केवळ अर्धे उत्तर तेव्हा मिळाले होते.

याच सुमारास शस्त्रक्रिया करण्याची रीतही बदलली. १९९४ साली विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून, म्हणजे पोटावर चार-पाच बारीक छिद्रे पाडून, गॅस्ट्रिक बायपास केल्याचे प्रसिद्ध केले. मोठा छेद टळल्याने जखमेचे त्रास आणि रुग्णालयातले दिवस घटले. आज सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया तर ठरवून शोधलेलीच नाही. अतिशय वजनदार रुग्णांवर एकदम मोठी शस्त्रक्रिया करणे धोक्याचे होते, म्हणून २००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅन्ये यांनी ती दोन टप्प्यांत केली. पहिल्या टप्प्यात जठराचा डावीकडचा फुगीर भाग, सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश, कापून काढायचा आणि केळ्यासारखी एक नळी ठेवायची. वजन उतरले की दुसऱ्या टप्प्यात आतडे जोडायचे. पण अनेकांचे पहिल्याच टप्प्यात पुरेसे वजन उतरले. ही 'स्लीव्ह', म्हणजे सदऱ्याच्या बाहीसारखे जठर. काढलेल्या भागातच घ्रेलिनच्या बहुतेक पेशी असतात, ही माहिती तिच्या यशाचे एक कारण सांगते. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की बायपास कष्टाने का होईना पूर्ववत करता येते. स्लीव्हमध्ये कापलेले जठर परत येत नाही.

पुण्यातले दोन दाखले

आता आमच्या हसण्याकडे वळू. 'तुम्ही कुठे एवढ्या जाड आहात' हा आमचा शेरा शास्त्रीयदृष्ट्या किती चुकीचा होता ते पुण्यात झालेल्या कामावरून कळते.

लठ्ठपणा मोजायला किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. याला शरीरभार निर्देशांक, म्हणजेच बीएमआय म्हणतात. बाईंचा निर्देशांक ७० भागिले (१.५२ × १.५२), म्हणजे ३०.३. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली ठरवले होते की निर्देशांक ४० असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. ह्या मापाने बाई बाहेर. पण हे माप भारतीय शरीराला लागू पडते का?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचाही निर्देशांक नेमका २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखेच म्हणत होता. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. तरीही आपल्या हडकुळ्या बाळांच्या त्वचेखाली चरबी तुलनेने जास्त आणि स्नायू कमी. म्हणजे ही घडण गर्भापासूनची आहे. कमी निर्देशांकालाच आपल्याला मधुमेह का गाठतो, याचा हा एक दुवा.

दुसरा दाखलाही पुण्याचाच. डॉ. शशांक शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्देशांक २२ ते ३५ असलेल्या १५ मधुमेही भारतीयांवर गॅस्ट्रिक बायपास केल्याचा अहवाल २०१० मध्ये दिला. त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्ण आधी इन्शुलिनवर होते. महिन्याभरात ८० टक्क्यांची मधुमेहाची औषधे थांबली आणि तीन महिन्यांनी सगळ्यांची. पंधराच रुग्ण आणि नऊ महिन्यांची पाहणी, त्यामुळे त्यावरून फार मोठे विधान करता येणार नाही. पण 'लठ्ठपणाची शस्त्रक्रिया' हे नावच अपुरे आहे हे त्यातून दिसले. २०२२ मध्ये ह्या शाखेच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी जुने निकष बदलले. आता ३५ निर्देशांकाला सोबतचा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, ३० ला चयापचयाचा आजार असल्यास विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणावी, असे त्या सांगतात. आपल्याकडच्या विमा नियामकाने २०१९ मध्ये लावलेली अट मात्र ४० आणि ३५ चीच होती. म्हणजे २०२२ च्या निकषांनी शस्त्रक्रियेला पात्र असलेल्या बाई विम्याच्या त्या अटीत बसत नाहीत!

जमाखर्च

फायद्याची बाजू आधी पाहू. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि तितपतच लठ्ठ, पण शस्त्रक्रिया न झालेले २,०३७ लोक. २००७ च्या अहवालात शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण, वय वगैरेंचा फरक जमेस धरून, २९ टक्क्यांनी कमी निघाले. २०२० च्या अहवालानुसार त्यांचे आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढले होते. तरी ते सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच होते. शस्त्रक्रियेने पाटी कोरी होत नाही, एवढे यातून कळते. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या प्रयोगात १५० मधुमेहींची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली होती. पाच वर्षांनी साखर ठरवलेल्या कडक पातळीखाली असलेले केवळ औषधांच्या गटात ५ टक्के, बायपासच्या गटात २९ टक्के आणि स्लीव्हच्या गटात २३ टक्के होते. फरक मोठा आहे. पण शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीही बहुतेक जण त्या पातळीच्या वरच राहिले, हेही तितकेच खरे.

काळ जातो तसा लाभ ओसरतो. स्वीडनमध्ये दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह मागे हटला होता; दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचाच. वजनाची घट दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के, दहा वर्षांनी १६ टक्के. तिथे बहुतेकांवर जुन्या, हौद लहान करणाऱ्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, हे लक्षात घ्यावे.

आता धोके. २००९ च्या एका अमेरिकी पाहणीत ४,७७६ रुग्णांपैकी ३० दिवसांत दगावलेले हजारी सुमारे तीन होते आणि शंभरात सुमारे चौघांना मोठा त्रास झाला. टाचण्यांच्या ओळीतून गळती, रक्तस्राव आणि पायातल्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हे पहिल्या दिवसांतले धोके. पुढचे धोके पद्धतीनुसार बदलतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते किंवा नव्याने सुरू होते. बायपासनंतर जोडाशी व्रण होऊ शकतो, आतडे पोटातल्याच फटीत अडकू शकते, आणि गोड खाल्ले की धडधड, घाम, जुलाब होतात. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. मुलाची इच्छा असलेल्या स्त्रियांना वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात.

सर्वांत लांबचा खर्च आहे तो पोषणाचा. लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः आद्यांत्रात आणि त्यापुढच्या भागात होते. बायपासमध्ये अन्न तिथून जातच नाही. बी-१२ साठी जठराचे आम्ल आणि जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. दोन्ही शस्त्रक्रियांत जठर घटते. आपल्यातले शाकाहारी लोक बी-१२ बाबत आधीच काठावर असतात. म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. पहिल्या महिन्यांत सतत उलट्या झाल्या तर बी-१ कमी पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यात दिरंगाई चालत नाही.

ह्या जमाखर्चात आता आणखी एक रकाना आला आहे. आतड्याचा निरोप ओळखू आल्यावर तोच निरोप इंजेक्शनने देण्याची कल्पना सुचली. जीएलपी-१ च्या धर्तीवरची सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइड ही औषधे २०२५ मध्ये भारतात वजनासाठी उपलब्ध झाली. जठर न कापता भूक कमी होते. पण औषध थांबवल्यावर वजनाचा बराच भाग परत येतो, म्हणजे १९६३ चा जुना धडाच पुन्हा. शस्त्रक्रिया की औषध, की आधी एक आणि मग दुसरे, हा प्रश्न प्रत्येक रुग्णापाशी वेगळा आहे.

बाईंच्या वहीतले प्रश्न

पुढच्या बैठकीला बाई वही घेऊन आल्या. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी लिहून काढले होते. माझ्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करण्याची ताकद किती उरली आहे? (मधुमेह जितका जुना, तितकी साखर उतरण्याची शक्यता कमी.) माझ्यासाठी बायपास का, किंवा स्लीव्ह का? तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्यात, आणि गळती झाली तर मध्यरात्री कोण बघेल? आधी औषध वापरून पाहायचे राहिले आहे का? शेवटचा प्रश्न त्यांनी आम्हालाही वाचून दाखवला : दहा वर्षांनी माझं बी-१२ कोण तपासणार?

रस्त्यावरच्या फलकांवर आधीचा आणि नंतरचा फोटो असतो. मधली आणि पुढची वर्षे नसतात. बाईंचे सगळे प्रश्न त्या वर्षांबद्दलचे होते. त्या डॉक्टरांकडे गेल्या, तपासण्या झाल्या, आणि निर्णय त्यांनी घरच्यांशी बोलून घेतला. तो काय होता ते इथे लिहू नये अशी त्यांची इच्छा आहे आणि ती आम्हाला पटते. नाहीतर वाचणारा त्यांच्या निर्णयाकडे बघेल, प्रश्नांकडे बघणार नाही.

आमच्या वर्गातल्या दोन सवयी मात्र बदलल्या. निर्देशांकाचे गणित घेताना मुलांना एकेक करून वजनकाट्यावर उभे करणे आम्ही बंद केले. याज्ञिक आणि युडकिन यांचे आकडे फळ्यावर लिहितो आणि मुलांनाच विचारतो, काटा सारखा असूनही फरक कसा? दुसरी सवय बाईंनी बदलली. पचनसंस्थेची आकृती त्या पूर्वीसारखीच काढतात : अन्ननलिका, जठर, आद्यांत्र, मध्यांत्र, शेषांत्र. पूर्वी सगळे बाण वरून खाली जात. आता त्या शेषांत्रापासून एक बाण स्वादुपिंडाकडे आणि एक थेट मेंदूकडे काढतात, आणि त्यावर काय लिहायचे ते मुलांना शोधायला सांगतात.